प्रश्नपत्रिकेची भाषा

१३ फेब्रुवारी

दीपालीचा फॉर्म आज भरून टाकला. हे आठवडाभर "रविवारी बघू" म्हणत होते आणि ह्यांचा रविवार कागद कारखान्यात जातो, तेव्हा कुणीतरी हातपाय हलवायलाच हवे होते. दीपालीचं आज शाळेत प्रॅक्टिकल. फोटो, सही, आधार सगळं तिने चेतनच्या मोबाईलवर कालच पाठवलं होतं. मला म्हणाली, "मम्मी, तू फक्त जाऊन बस. ओटीपी तुझ्या नंबरवर येईल." चेतनचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान सिंधीपुऱ्यातच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे.

बारावीला कितीही मार्क पडोत, डॉक्टर व्हायचं तर मे महिन्यातली 'नीट' द्यावीच लागते. देशभर एकच पेपर, एकच दिवस. दीपाली दोन वर्षं कडू सरांच्या क्लासला जाते. मागच्या सराव परीक्षेत तिला सातशेवीसपैकी पाचशे बावीस पडले. सर म्हणाले, एवढे राखले तरी सरकारी कॉलेजची आशा आहे. प्रायव्हेट कॉलेजचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

चेतन एकेक खाना भरत होता, मी चष्मा लावून बघत होते. मध्येच म्हणाला, "काकू, पेपरची लँग्वेज हिंदी टाकतो." मी म्हटलं, थांब. यादी उघडली होती. तेरा भाषा होत्या आणि त्यात आपली मराठी होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं की देशाच्या एवढ्या मोठ्या परीक्षेत मराठीत पेपर मिळतो म्हणून.

"मराठी टाक," मी म्हटलं.

"पक्का ना काकू? दीपालीको एक बार पूछ लो."

"तिला काय विचारायचं? घरात ती कोणती भाषा बोलते? आईच्या भाषेतला पेपर जड जातो का कुणाला?"

त्याने मराठी टाकली. मग परीक्षेच्या शहरांची यादी आली. त्यात आपल्या बऱ्हाणपूरजवळचं खंडवा नाही, इंदूर नाही, सगळी महाराष्ट्रातली. चेतन म्हणाला, मराठी घेतली की सेंटर तिकडचंच मिळतं. मी म्हटलं, जळगाव टाक, दोन तासांवर तर आहे.

घरी येताना अर्धा किलो पेरू घेतले. खरं सांगते, फार दिवसांनी एवढं बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

काल जेवताना सांगितलं. दीपालीचा घास हातातच राहिला. विचारलं, "सबमिट झाला?"

"झाला की."

"बरं."

हे म्हणाले, "अगं, पण पोरगी पहिलीपासून हिंदीत शिकली ना. सायन्स तर पूर्ण हिंदीत." मी म्हटलं, पहिलीपासून हिंदीत कुणी घातली? मी नव्हती घातली. माझ्या शाळेत मराठी वर्ग होता, मी स्वतः शिकवत होते, आणि मराठीच्या बाईंची मुलगी हिंदी शाळेत. बारा वर्षं लोक मला विचारताहेत आणि मी हसून वेळ मारून नेते आहे. हे म्हणाले, "आठवीपुढे काय केलं असतं तुझ्या शाळेत?" माझी शाळा आठवीपर्यंतच आहे, हे खरं.

दीपाली ताट घेऊन उठली. पेरू तिने खाल्ले नाहीत.

२७ फेब्रुवारी

बोर्डाचे पेपर सुरू झाले. पहिला बरा गेला म्हणाली.

आज रावेरहून ज्योत्स्ना आली होती, माझी मामेबहीण. दीपालीने तिला फोन करून तिच्या मुलाची नववी-दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तकं मागवली होती, मला न सांगता. मला कौतुक वाटलं. म्हटलं, अकरावी-बारावीची पण आणायची होतीस. ज्योत्स्ना हसली. "ताई, अकरावी-बारावीचं सायन्स आमच्याकडे इंग्रजीतच असतं. मराठीतून कोण देतं हा पेपर?"

मला वाटलं ती थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. महाराष्ट्रात राहून हे असं, मग आम्ही ताप्तीच्या काठावर बसून मराठीची राखण कशासाठी करतो, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "चहा दे आधी."

९ मार्च

चेतनचा मेसेज. फॉर्ममध्ये दुरुस्तीसाठी तीन दिवस मिळाले आहेत, अकरा तारखेच्या रात्रीपर्यंत. काही बदलायचं आहे का?

नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, फोटो बरोबर. मी उत्तर पाठवलं, "सर्व योग्य आहे."

१० मार्च

आज मन ठिकाणावर नाही, म्हणून सगळं लिहून काढते.

दुपारी दीपाली गेल्या वर्षीची मराठी प्रश्नपत्रिका घेऊन आली. कुठूनतरी छापून आणली आहे. म्हणाली, "मम्मी, आम्लारी म्हणजे काय?"

मी म्हटलं, काहीतरी आंबट असेल. आमसुलासारखं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उलटं आहे मम्मी. हे बघ, बाजूला इंग्लिश आहे. बेस. आमच्याकडे क्षारक म्हणतात." मग विचारलं, क्षपण म्हणजे काय? मला माहीत नाही. स्वादुपिंड? ते पोटात असतं एवढं मला माहीत होतं. ती म्हणाली, "अग्न्याशय." पेशी म्हणजे तिच्या पुस्तकात कोशिका. आणि तिच्या पुस्तकात ज्याला पेशी म्हणतात, त्याला मराठीत स्नायू म्हणतात. तिने हे सगळं चिडून नाही विचारलं. हळू आवाजात, एकेक शब्दावर बोट ठेवून विचारलं, माझ्या वर्गातली मुलं विचारतात तसं.

मी शब्दकोश काढला. एवढा जाड कोश, पण जुना. त्यात आम्लारी नव्हता.

मराठीत एम.ए. केलेली बाई मी, अठ्ठावीस वर्षं शिकवलेली. माझ्याच भाषेतल्या प्रश्नपत्रिकेतले मला दहा शब्द कळले नाहीत. मग तिला कसे कळणार? आणि शब्द कळले तरी दोन वर्षं जे हिंदीत पाठ केलं, ते तीन तासांत दुसऱ्या भाषेत कुठून आणणार? एकशेऐंशी मिनिटं, एकशेऐंशी प्रश्न.

चूक झाली आहे. उद्या बदलून टाकते. उद्या शेवटचा दिवस आहे.

११ मार्च

आज शाळेत पत्र आलं. एक एप्रिलपासून मराठी वर्ग बंद. अकरा मुलं उरली होती, ती हिंदी वर्गात जातील. मला तिसरीला पर्यावरण द्यायचं ठरलं आहे, हिंदीतून.

पत्र वाचून स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. कीव होती नजरेत. मला ती सोसली नाही आणि मी बोलून गेले, "वर्ग बंद होवो, माझी मुलगी डॉक्टरीचा पेपर मराठीत देते आहे." एकदम टाळ्या. मोठ्या सरांनी मावा जिलेबी मागवली. अश्विनी मॅडम, ज्यांना मराठीचा म सुद्धा येत नाही, माझा हात धरून म्हणाल्या, "मॅडम, ये होती है माँ." मी जिलेबी खाल्ली.

संध्याकाळी सात वाजता मोबाईल घेऊन चेतनच्या दुकानी गेले. पायरीपर्यंत गेले. आत गर्दी होती, उजेड होता, कॉम्प्युटरसमोर कुणीकुणी बसलं होतं. आत जायचं आणि म्हणायचं, मराठी काढ, हिंदी टाक. एवढंच. चार शब्द. ज्या दिवशी सरकारने माझा वर्ग काढला, त्याच दिवशी मी माझ्या हाताने घरातली मराठीही काढायची. पाय उचललाच नाही. शेजारच्या हातगाडीवरून कोथिंबीर घेतली आणि परत आले.

पेपरात बाजूला इंग्रजी असतं. पोरगी हुशार आहे. अजून दोन महिने आहेत. हे मी स्वतःला सांगते आहे आणि मला ते पटत नाही आहे, हेही लिहून ठेवते.

दीपाली नोट्स आणायला मैत्रिणीकडे गेली होती, ती साडेआठला आली. डोळे लाल. जेवली नाही. केमिस्ट्रीचा पेपर जवळ आला आहे, तिचं ते जुनंच दुखणं. मी डोक्याला तेल लावू का विचारलं. नको म्हणाली.

२ एप्रिल

बोर्ड संपलं. दीपालीने तिच्या खाटेच्या वरच्या भिंतीला कागद चिकटवले आहेत. हिंदी शब्द, इंग्रजी शब्द, मराठी शब्द. शेकड्यांनी आहेत. रोज संध्याकाळी मला समोर बसवते आणि मी विचारायचं, तिने सांगायचं.

"अपचयन?"

"क्षपण."

"ऊतक?"

"ऊती."

मला कबूल केलं पाहिजे की हा दिवसातला माझा सगळ्यात सुखाचा तास आहे. ती लहान असताना मी तिला शाळेच्या गडबडीत कधी घेऊन बसले नाही. आता ती माझ्यासमोर मांडी घालून बसते, माझ्या भाषेतले शब्द म्हणते, चुकली की जीभ चावते. मीसुद्धा शिकले. आम्लारी आता मला झोपेत विचारा.

तिसरीच्या वर्गात आज "पेड़-पौधे" शिकवले. मुलं चांगली आहेत.

१५ एप्रिल

कडू सर रस्त्यात भेटले. स्कूटर थांबवून म्हणाले, "बाई, दीपाली तीन टेस्टला आली नाही. फिजिक्सचे गणित सोडवायचं सोडून पोरगी डिक्शनरी पाठ करून राहिली. कालच्या टेस्टला मराठी पेपर मागितला, मी कुठून आणू? माझी पूर्ण बॅच हिंदी." मी विचारलं, मार्क किती पडले? म्हणाले, "चारशे चाळीस. टाइमच पुरत नाही तिला, हिंदी पेपरमधल्या शब्दांची मराठी करत बसते."

फॉर्म भरताना चूक झाली, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "करेक्शनमध्ये बदलायचं होतं ना बाई. तीन दिवस होते." मी म्हटलं, आमच्या लक्षातच आलं नाही.

 खोटं बोलणाऱ्या मुलाला मी वर्गात बाकावर उभं करत असे.

२४ एप्रिल

सेंटर जळगाव आलं. हे म्हणाले, एक बरं झालं, नाशिक आलं असतं तर रात्रीचा प्रवास. आमच्या घरात आता एवढ्याएवढ्यावर समाधान मानायची पद्धत पडली आहे.

४ मे

परत आलो. पाय सुजले आहेत, पण आजचं आजच लिहिते.

सकाळच्या गाडीने गेलो, मी आणि दीपाली. ह्यांना सुट्टी मिळाली नाही. सेंटरवर अकरा वाजल्यापासून रांग. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दारात पोरींच्या कानातलं, केसांतल्या पिना, मनगटातला दोरा सगळं काढायला लावत होते. दीपालीने कानातले काढून माझ्या हातात दिले आणि "येते" म्हणाली. मी म्हटलं, देवाचं नाव घे, आधी सोपे सोडव. सगळ्या आया तेच सांगत होत्या.

कडुलिंबाखाली आम्ही चाळीसपन्नास पालक बसलो. शेजारी धरणगावची एक बाई होती, डबा उघडून मला पोळी-चटणी दिली. गप्पा निघाल्या. मी सांगितलं, माझ्या मुलीचा पेपर मराठीत आहे. ती म्हणाली, "मराठीत असतो का तो? आम्हाला तर कुणी सांगितलंच नाही." मग विचार करून म्हणाली, "पण मराठीत शिकवतं कोण?" मागे बसलेला एक गृहस्थ वळून म्हणाला, "ताई, माझ्या पोराला मराठीच येतं फक्त. त्याने पण इंग्रजीच भरलं." तिथे सगळे मराठी बोलत होते. महिनाभर मी मनात म्हणत होते की जळगावात आपली माणसं भेटतील. आपलीच माणसं होती, आणि माझ्याएवढं वेड त्यांच्यात कुणाला नव्हतं.

पाच वाजता पोरं बाहेर आली. दीपाली सगळ्यांच्या शेवटी. मी तिला पाण्याची बाटली दिली.

गाडीत भुसावळ गेल्यावर ती आपणहून बोलली. "मम्मी, मी आधी मराठी वाचायची. मग बाजूचं इंग्लिश. मग मनात हिंदीत करायची, तेव्हा उत्तर यायचं. सदतीस प्रश्न वाचलेच नाही. घंटी झाली." खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यातले पुष्कळ येत असतील मला."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बऱ्हाणपूरपर्यंत झोपली. मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती झोपली आहे हे निमित्त पुरलं.

१४ जून

निकाल. चारशे सव्वीस. कडू सरांनी फोनवर सांगितलं, सरकारी कॉलेज नाही मिळणार, दुसऱ्या फेरीतही नाही. तिच्या बॅचमधली दोन मुलं लागतील. दोघांचेही सराव परीक्षेत मार्क दीपालीपेक्षा कमी होते. ते सरांनी नाही सांगितलं, मला आठवत होतं.

दीपालीने मोबाईल पालथा ठेवला आणि भिंतीवरचे कागद काढायला लागली. एकेक सुटा करून, न फाडता. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे."

१५ जून

आज ह्यांना सुट्टी होती. सकाळी दीपालीजवळ बसून तिची समजूत घालत होते. "बेटा, फॉर्म भरताना चूक होते. कुणाच्याही हातून होते. मम्मीने मुद्दाम केलं का? पुढच्या वर्षी परत देऊ." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू पण मनाला लावून घेऊ नको सुलभा."

मला ते सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प बसले असते.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. फेब्रुवारीत चूक झाली ती चूक. मार्चमध्ये बदलता येत होतं. चेतनचा मेसेज आला होता. दहा तारखेला मला कळलं होतं की हा पेपर तिला झेपणार नाही, अकरा तारखेला मी दुकानापर्यंत गेले आणि परत आले. माझा वर्ग बंद झाला होता आणि मी शाळेत मिरवून आले होते. मी माझ्या हट्टापायी तुझं वर्ष घालवलं दीपाली. चूक नाही ती. मी केलं.

 ह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

दीपाली म्हणाली, "मला माहीत आहे."

मला वाटलं, चेतनने सांगितलं असेल. तिने मान हलवली. "मी दुकानात होती मम्मी. त्या दिवशी. मैत्रिणीकडे नव्हती गेली. चेतनदादाने पेज उघडून ठेवलं होतं, फक्त ओटीपी बाकी होता. तो म्हणे, घरी जाऊन काकूंचा मोबाईल घेऊन ये. मी म्हटलं, थांब, मम्मीच येईल. तिला काल कळलंय, ती येईलच."

ती थांबली. मग म्हणाली, "तू आली. मी काचेतून पाहिलं. पर्स उघडून मोबाईल हातात घेतला तू. आणि परत गेली."

"मग तू मला हाक का नाही मारलीस?"

"तुझं तोंड पाहिलं मी," ती म्हणाली. "मी कशी मारू हाक?"

हे उठून बाहेर गेले. मला रडू आलं आणि मी रडले, मुलीसमोर, ओट्याला धरून. तिने मला पाणी दिलं. स्वतः नाही रडली. मला वाटतं, तिचं रडून झालं होतं, मार्चमध्येच.

१७ जून

शाळा उघडली. स्टाफरूममध्ये अश्विनी मॅडमनी विचारलं, "बिटिया का क्या हुआ?" मी म्हटलं, नहीं हुआ, और गलती मेरी थी. त्या म्हणाल्या, अरे ऐसा नहीं कहते. मी म्हटलं, कहना चाहिए. 

२९ जून

दीपाली पुन्हा कडू सरांकडे जायला लागली. सकाळी सहाला निघते. पुढच्या फॉर्मसाठी तिने नवीन सिम घेतलं आहे, स्वतःच्या नावाचं. ते बरोबरच केलं. ह्यांनी पंधरा दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं, काल चहा मागितला.

एक गोष्ट मी इथे लिहायची टाळत होते. मी कबुली दिली त्या दिवसानंतर दीपाली माझ्याशी हिंदीत बोलते. रागाने नाही. आवाज तोच, माया तीच, मध्ये एकदा मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसली. पण हिंदीत. ह्यांच्याशी मराठीत बोलते, ज्योत्स्नाशी फोनवर मराठीत बोलते. माझ्याकडे वळली की हिंदी. पहिले दोन दिवस मला वाटलं, अभ्यासाची सवय म्हणून असेल. मी मराठीतून उत्तरं देत राहिले, म्हटलं येईल परत. तिच्या ते लक्षातही आलं नसावं, इतकं सहज चाललं होतं. किंवा आलं असेल. मी विचारलं नाही, आणि विचारायचा हक्क आता माझ्याकडे आहे असं मला वाटत नाही.

आज संध्याकाळी क्लासवरून आली, हातपाय धुतले. मी तिसरीच्या वह्या तपासत बसले होते. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मम्मी, खाना लगा दूँ?"

मी लाल पेन खाली ठेवलं.

"हाँ बेटा," मी म्हटलं, "लगा दे."